मुलांचे इंग्रजी : व्याकरण व शब्द यांच्या सरावाविषयी चार शब्द

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगण्याचे काम माझ्याहून अधिक योग्य अशा वक्त्यांनी केलेले आहे. मजकडे फादरांनी जो विषय सोपविला तो दिसावयास अगदी लहान आहे. प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांकडून इंग्रजी व्याकरणाचा व शब्दांचा सराव कसा करून घ्यावा, एवढाच तो विषय. देवालयाच्या महोत्सवात नाम आणि क्रियापद यांचे काय काम, असे एखाद्याच्या मनात येईल. माझ्याही मनात आले होते. परंतु रविवारच्या मिस्सेनंतर अंगणात उभ्या राहिलेल्या आईबापांचे बोलणे मी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. आणि पाऊस व बाजारभाव यांच्या खालोखाल त्या बोलण्यात कोणता विषय निघत असेल, तर तो मुलांच्या इंग्रजीचाच होय.

त्या बोलण्याचा सूर मात्र आनंदाचा नसतो. "पोरगा चौथीत गेला, पण इंग्रजीचे एक वाक्य धड बोलेल तर शपथ," असे एक बाई म्हणतात. दुसऱ्या म्हणतात, "आमचीला सगळे व्याकरण तोंडपाठ आहे, पण पाहुण्यांनी नाव विचारले की माझ्या पदराआड लपते." तिसरे एक गृहस्थ, ज्यांनी मुलास इंग्रजी माध्यमात घातले आहे, ते काहीच बोलत नाहीत; परंतु घरी ते मुलाशी आपली बोली सोडून मोडक्या इंग्रजीत बोलू लागले आहेत, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असते. ही तीन घरांची तीन दुःखे वेगवेगळी दिसली तरी रोग एकच आहे, असे मला वाटते. तो रोग बुद्धीच्या मांद्याचा नव्हे. तो भीतीचा रोग आहे, आणि तो मुलांना बहुधा आपणा मोठ्यांकडूनच लागतो.

आपल्या वसईच्या मुलाची स्थिती थोडी ध्यानात घ्या. तो घरून एक बोली घेऊन शाळेत येतो; शाळेत त्याला पुस्तकी मराठी भेटते, आणि ती त्याला पुष्कळ अंशी नवीनच असते. पूर्वी इंग्रजीची गाठ पाचवीत पडत असे. २००० सालापासून महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविण्यात येऊ लागले. म्हणजे सहा वर्षांच्या बालकाच्या खांद्यावर एकदम तीन भाषांची कावड आली. पण यात घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी भाषांचे ओझे सदैव वाहिले आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्या भाषेतले पाव, बटाटा, चावी, पगार, पाद्री हे शब्द आपण असे पचविले की ते परके होते याची आठवणही कोणास राहिली नाही. त्यांसाठी कोणी व्याकरण घोकले नव्हते. शब्द वस्तूबरोबर आले, आणि वस्तूबरोबरच राहिले.

भाषा भीतीने येते की प्रीतीने, या प्रश्नाचा निकाल आपल्या एका थोर संताने सोळाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४०० च्या सुमारास जे आत्मनिवेदन लिहिले, त्यात ते आपल्या शाळेची हकीकत सांगतात. लॅटिन ते दायांच्या लाडीगोडीत, हसणाऱ्या-खेळणाऱ्या माणसांत राहून, कसलाही धाक नसताना शिकले. ग्रीक मात्र छडीच्या व शिक्षेच्या भयाने त्यांच्या गळी उतरविण्यात आले. आणि तिचा त्यांना असा तिटकारा आला की होमरसारख्या कवीच्या गोड कथाही त्यांना कडू लागल्या. मोकळ्या मनाची जिज्ञासा ही भाषा शिकण्यास धाकापेक्षा अधिक समर्थ असते, असा त्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला. ज्याच्या वक्तृत्वाने पुढे सारे पश्चिम ख्रिस्तमंडळ हलविले, त्याला एक भाषा आली आणि दुसरी रुचलीच नाही, याचे कारण भाषेत नव्हते, शिकविण्याच्या रीतीत होते, हे आपण विसरू नये.

त्यांचेच समकालीन संत जेरोम. पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणारे हे महापंडित ४०३ च्या सुमारास बेथलेहेमहून रोममधील लेता नावाच्या एका मातेस पत्र लिहितात, आणि त्यात तिच्या चिमुकल्या मुलीस अक्षरे कशी शिकवावी ते सांगतात. मला तर ते पत्र प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने उशाशी ठेवावे असे वाटते. लाकडाची अथवा हस्तिदंताची अक्षरे करून मुलीस खेळावयास द्या, असे ते म्हणतात. अक्षरांचा क्रम पाठ झाला एवढ्यावर संतुष्ट राहू नका. शेवटचे मध्ये, मधले प्रारंभी असा क्रम पुन्हा पुन्हा मोडा, म्हणजे ती अक्षरे केवळ ओळीच्या आधाराने नव्हे, तर डोळ्यांनी ओळखू लागेल. अवयव जुळविता आले तर बक्षीस द्या. बरोबर शिकणाऱ्या सोबतिणी असू द्या. मंद असली तर रागावू नका. आणि सर्वांत मोठी काळजी ही घ्या की तिला अभ्यासाचा वीट येऊ नये, कारण बालपणी बसलेला वीट मोठेपणीही जात नाही. हे लिहिणारा मनुष्य स्वभावाने मोठा तापट म्हणून प्रसिद्ध होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्राची किंमत अधिकच वाढते.

क्रम मोडण्याची ती युक्ती मी स्वतः वर्गात वापरून पाहिली आहे. इंग्रजी मुळाक्षरे गाण्यासारखी म्हणणाऱ्या मुलाला मधलेच 'एम' अक्षर दाखवावे, तर तो 'ए' पासून मनात गात गात तेथवर येतो व मग नाव सांगतो! त्याला अक्षर येत नाही, गाणे येते. व्याकरणाचेही असेच होते. नामाची व्याख्या खडाखडा म्हणणारी मुलगी आपल्या दप्तरातील वस्तूंची नावे इंग्रजीत सांगू शकत नाही, कारण व्याख्या ही तिच्या लेखी एक पद्यच असते. आणि ते 'रिकाम्या जागा भरा' हे प्रकरण! वीस जागा भरल्या, वीसही बरोबर आल्या, आणि मुलाने त्यांतले एकही वाक्य तोंडाने उच्चारले नाही. अशी वही पाहून आपण खूष होतो. मला मात्र ती पाहून, मण्यांवरून बोटे भराभर फिरविणाऱ्या व रहस्याचे मुळीच चिंतन न करणाऱ्या माणसाच्या जपमाळेची आठवण होते. जपमाळेतही पुनरावृत्ती आहेच. पण त्या पुनरावृत्तीच्या आत काहीतरी चाललेले असावे लागते.

तर मग व्याकरण शिकवू नये काय? अवश्य शिकवावे. पण मराठी मूल कोठे अडते हे ओळखून शिकवावे. इंग्लंडातल्या मुलासाठी लिहिलेले व्याकरण आपल्या मुलाच्या पायातला काटा काढीत नाही, कां की तो काटा त्या मुलाच्या पायात मुळी नसतोच.

एक उदाहरण घ्या. आपण म्हणतो, रविवारी, सकाळी, रात्री. तिन्ही शब्दांच्या अंती एकच 'ई'. इंग्रजी मनुष्य मात्र रविवारास 'ऑन' लावतो, सकाळीस 'इन' लावतो व रात्रीस 'अ‍ॅट' लावतो. मुलाने 'इन संडे' लिहिले की आपण लाल शाईने त्यावर फुली मारतो, आणि बिचाऱ्यास कळत नाही की आपण काय गुन्हा केला. त्याला प्रथम एवढेच सांगावे की, बाळा, जे काम आपल्याकडे शब्दाच्या शेपटीला जोडलेला एक प्रत्यय करतो, ते काम तिकडे शब्दाच्या पुढे चालणारे तीन निरनिराळे चोपदार करतात. मग आठवडाभर त्या तीन चोपदारांचाच सराव घ्यावा : रविवारी मिस्सेला, सकाळी शाळेला, रात्री झोपायला. चौथा चोपदार त्या आठवड्यात दारात येऊ देऊ नये.

किंवा 'हॅव' हा शब्द पाहा. माझ्याकडे पेन आहे, मला दोन बहिणी आहेत, गाईला चार पाय असतात; आपण प्रत्येक वेळी वाक्याची बांधणी थोडी बदलतो, आणि तिन्हींत क्रियापद मात्र असण्याचेच. बाळगणे किंवा धारण करणे यांसाठी इंग्रजीत जे साधे क्रियापद आहे, त्याचा आपल्याकडे नित्याच्या बोलण्यात पत्ताच नाही. म्हणून मूल 'माय टू सिस्टर्स आर' असे लिहिते. हा आळस नव्हे. ते मराठीतून इंग्रजीत प्रामाणिकपणे चालत गेलेले असते, आणि पूल जेथे नाही तेथे पाण्यात पडलेले असते.

प्रश्न विचारण्यात तर मोठीच पंचाईत होते. आपण वाक्याच्या शेवटी 'का' जोडला की प्रश्न झाला. पुष्कळदा नुसता स्वर चढविला तरी पुरे. इंग्रजीत 'डू' नावाचा एक गडी बोलवावा लागतो. त्याला येथे स्वतःचा काही अर्थ नाही. परंतु काळाचे गाठोडे तोच उचलतो, आणि त्याने ते उचलले की मुख्य क्रियापद मोकळ्या हातांनी चालते. हे गाठोड्याचे रूपक मुलांना फार आवडते. 'डिड ही वेंट' असे कोणी म्हटले की वर्गातली मुले स्वतःच ओरडतात, "गाठोडे दोघांनी उचलले!" अशी चूक मुलांनीच मुलांची काढली, आणि हसत काढली, म्हणजे ती लागत नाही.

'अ' आणि 'द' या दोन उपपदांविषयी शिक्षकही हात टेकतात. मराठीत उपपद नाही, म्हणून मुलांना ते येत नाही असे म्हणतात. परंतु आजी गोष्ट सांगते तेव्हा ती काय म्हणते? "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." प्रथम 'एक', मग 'तो'. हेच 'अ किंग' आणि 'द किंग'. आजीने जे शिकविले ते मुलाजवळ आहेच. ते फक्त उघडून दाखवावयाचे. मग 'अ' केव्हा व 'अ‍ॅन' केव्हा, हे कानाने ठरवावे, डोळ्याने नव्हे. 'अवर' या शब्दाचे पहिले अक्षर 'एच', पण ते मुके. म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'युनिव्हर्सिटी'चे पहिले अक्षर 'यू' हा स्वर, पण कानाला 'य' ऐकू येतो. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. ज्या मुलाने शब्द मोठ्याने उच्चारलाच नाही, त्याला हा नियम सात जन्मांत कळावयाचा नाही.

आपल्या 'च' या एका अक्षराचा प्रताप तर विलक्षण आहे. "मी कालच आलो" याचे आपण 'आय केम यस्टर्डे ओन्ली' करतो, आणि साहेब बुचकळ्यात पडतो. मला या चुकीचा, खरे सांगावयाचे तर, थोडा लोभ आहे. तिच्यात मराठी माणूस आपल्या भाषेसकट परदेशी उभा असतो. तरी ती सुधारली पाहिजेच.

इंग्रजी सर्वत्र अवघडच आहे असे मात्र मुलांच्या मनावर बिंबवू नका. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुली. एवढ्या रूपांऐवजी इंग्रजीत एक 'गुड' सर्वांना पुरतो. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. तिकडे एका 'एट' ने तिन्ही गिळली. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हा तंटा तेथे नाही. तू, तुम्ही, आपण या तिहींना एकच 'यू'. आपण देवाला 'तू' म्हणतो व फादरांना 'आपण', हा भेद बोलताना इंग्रज मुलाला करावाच लागत नाही. जे मूल मराठीसारख्या भाषेची एवढी रूपे पाच वर्षांचे होण्यापूर्वी, कोणी न शिकविता, आत्मसात करते, त्याला इंग्रजी झेपणार नाही असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

मोठी लिपी व लहान लिपी हा भेद देवनागरीत नसल्यामुळे जी गंमत होते, तीही सांगतो. "माय फादर इज अ फार्मर" आणि "फादर सेज मास" ही दोन वाक्ये मी फळ्यावर लिहीत असे. पहिल्यातले 'एफ' लहान, तो घरचा बाप. दुसऱ्यातले 'एफ' मोठे, ते आपले धर्मगुरू. एवढ्यावरून सामान्यनाम कोणते आणि विशिष्ट व्यक्तीस उद्देशून योजलेली पदवी कोणती, हे मुलांच्या ध्यानात कायमचे राही. एकदा एका मुलाने दोन्ही ठिकाणी मोठे 'एफ' काढले. कारण विचारता तो म्हणाला, "सर, माझा बाबापण मोठाच आहे." मी ती चूक तशीच राहू दिली.

आता स्पेलिंगाविषयी. आपली लिपी बहुतांशी बोलतो तसे लिहिते. इंग्रजी लिपी पूर्वी जसे बोलत तसे लिहिते. 'नाइफ' मधला 'के' आणि 'नाइट', 'लाइट', 'राइट' यांमधले 'जीएच' ही अक्षरे एके काळी इंग्लंडात खरोखर उच्चारली जात. उच्चार गेला, अक्षर राहिले. वडील वारले तरी त्यांची खुर्ची ओसरीवर असते तसे. आणि आपण तरी निर्दोष कोठे आहोत? 'ष' लिहितो आणि 'श' म्हणतो. 'ज्ञ' लिहितो आणि भलतेच काही बोलतो. म्हणून स्पेलिंग एकेक शब्दाचे घोकण्यापेक्षा कुटुंबाकुटुंबाने शिकवावे. 'लाइट' आला की त्याची भावंडे 'नाइट', 'फाइट', 'साइट' त्याच दिवशी घरी बोलवावीत. उच्चारातही एक गोष्ट सांभाळावी. अनेकवचनाचा 'एस' लिहावयास एक, पण बोलावयास तीन : 'कॅट्स' मध्ये स, 'डॉग्ज' मध्ये ज, 'बॉक्सेस' मध्ये शेवटी आणखी एक अवयव. भूतकाळाच्या 'ईडी'चेही तसेच : 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टेड'. हे कानाला लागले नाही तर मुले 'वॉक-एड' असे वाचतात व जन्मभर तसेच वाचत राहतात.

शब्दांच्या बाबतीत लोभ हा मोठा शत्रू आहे. पाचशे अवघड शब्दांची यादी भिंतीवर लावणारे पालक मला माहीत आहेत. वास्तविक रोजच्या वाचनात तेच तेच शब्द फिरून फिरून येतात. ढाक्यास शिक्षकांना शिकविण्यात ज्यांची बरीच वर्षे गेली, त्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सर्वांत उपयुक्त अशा सुमारे दोन हजार शब्दांची सूची प्रसिद्ध केली. प्राथमिक शाळेचे मूल यांतले निम्मे शब्द जरी अर्थासह, उच्चारासह व वाक्यासह बरोबर घेऊन बाहेर पडले, तर तेवढी शिदोरी मी फार मोठी समजेन. शिवाय पहिल्या दिवशी ते रिकाम्या हाताने येतच नाही. स्टेशन, तिकीट, पेन, डॉक्टर, बस, कप, बॉल. आपल्या मुलाला असे किती शब्द आधीच येतात ते एकदा सायंकाळी बसून मोजा. त्याच्या समोर मोजा. त्या मोजणीने त्याचा चेहरा कसा बदलतो ते पाहा.

मग एका शब्दातून दुसरा काढावयास शिकवावे. 'हेल्प' पासून 'हेल्पर', 'हेल्पफुल', 'हेल्पलेस'. 'काइंड' पासून 'काइंडनेस', जसा आपल्याकडे चांगला यापासून चांगुलपणा. 'नोन' म्हणजे ओळखीचा, तर 'अननोन' म्हणजे अनोळखी. आणि येथे थोडे थांबावे, कारण त्या 'अननोन' मधला 'अन' आणि आपल्या 'अनोळखी'तला 'अन' हे दूरचे सख्खे आप्त आहेत. मातृ आणि मदर, भ्रातृ आणि ब्रदर, नाम आणि नेम, नव आणि न्यू हेही तसेच. हे नाते युरोपीय विद्वानांच्या ध्यानात येण्यास १८वे शतक उजाडावे लागले असे पुष्कळजण समजतात. परंतु १५८३ सालीच गोव्याहून आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात एका येशूसंघीय धर्मगुरूने इकडील भाषांची ग्रीक व लॅटिन यांच्याशी असलेली ठेवण नमूद केली होती. ते म्हणजे आपले फादर थॉमस स्टीफन्स.

फादर स्टीफन्स यांचे नाव आज घेतल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. विल्टशरचा हा इंग्रज १५७९ साली गोव्यास उतरला तेव्हा त्याचे वय तिशीच्या आसपास होते; म्हणजे भाषा शिकण्याचे कोवळे वय केव्हाच गेले होते. त्याला शब्दकोश कोण देणार? मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. फादर स्टीफन्सना माणसांच्या तोंडूनच भाषा उचलावी लागली. आणि त्यांनी ती अशी उचलली की १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या आहेत. कोकणी भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, प्रसिद्ध झाले. क्रम लक्षात घ्या. आधी कान, मग जीभ, मग ओवी. आणि व्याकरण हे या साऱ्या खटाटोपात हाती आलेल्या ज्ञानाची नीट लावलेली फडताळे. आपण आपल्या मुलांना फडताळे आधी देतो, आणि मग ती रिकामी का म्हणून रागावतो. एका इंग्रजाला मराठी आली त्या वाटेने मराठी मुलाला इंग्रजी यावी, यात मला तरी काही अशक्य दिसत नाही.

याचा अर्थ जुन्या रीती सर्वस्वी टाकाव्यात असा नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि त्यांचे पत्रलेखन पाहून आजच्या पदवीधरांनी मान खाली घालावी. त्या पाठमालेचा गुण हा की ती मराठीला लाजत नसे. मराठी वाक्य समोर ठेवून दोन भाषांची तुलना करावयास लावी. फक्त ती बोलावयास शिकवीत नसे, एवढी उणीव आपण भरून काढावी.

घरी काय करावे, असे माता मला विचारतात. विशेषतः ज्या स्वतः इंग्रजी शिकलेल्या नाहीत त्या. त्यांना माझे सांगणे असे की, रोज सायंकाळी प्रार्थना आटोपल्यावर दहा मिनिटे मुलाला आपला शिक्षक होऊ द्या. आज शाळेत शिकलेले एक वाक्य त्याने आईला शिकवावे, आईने ते म्हणावे, तिचे चुकले तर त्याने सुधारावे. दुसऱ्याला शिकविताना मूल जेवढे शिकते तेवढे कोठेच शिकत नाही, आणि आईला चुकताना पाहून त्याच्या मनातली चुकण्याची लाजही जाते. काल शिकलेले आज, आठ दिवसांनी, व पुन्हा महिन्याने विचारावे. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले आहे की पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरते, आणि मधून मधून उजळणी केली तर टिकते. म्हणून रोजची दहा मिनिटे ही रविवारच्या दोन तासांहून मोलाची. शिवाय रविवार देवाचा.

परंतु हात जोडून एक गोष्ट मागतो. मुलाला इंग्रजी यावे म्हणून घरातली बोली बंद करू नका. आपणास जी भाषा नीट येत नाही तिच्यात मुलाला रागावता येते, हुकूम सोडता येतो. पण त्याची समजूत घालता येत नाही, त्याला गोष्ट सांगता येत नाही, आणि आजारात त्याच्या उशाशी बसून बोलता येत नाही. फ्रान्समध्ये १७व्या शतकात मुलांना वाचनाचा पहिला धडा लॅटिनमधून देण्याची वहिवाट होती. संत जॉन बाप्तिस्त द ला साल यांनी आपल्या शाळांतून ती मोडली व मुलांना प्रथम त्यांच्या फ्रेंच भाषेतच वाचावयास शिकविले. गरिबांची मुले शाळेत थोडीच वर्षे टिकतात, न समजणारी अक्षरे वाचून त्यांच्या हाती काय लागणार, असा त्यांचा सरळ विचार होता. याच संतांना पुढे १९५० साली पोप बारावे पायस यांनी शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. २०२० चे आपले राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असेच सांगते. ज्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले आहे त्यांना मी दोष देत नाही. पोटाची चिंता मलाही कळते. मी एवढेच म्हणतो की शाळा कोणतीही असो, घर मराठीच राहू द्या. दोन भाषांची तुलना करावयास दोन भाषा असाव्या लागतात.

शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून हे सारे भाषण म्हणजे दुसऱ्यांस केलेला उपदेश होईल.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत पाचवीचा वर्ग मजकडे होता. 'माझे वडील' या विषयावर मुलांनी पाच इंग्रजी वाक्ये लिहून आणावयाची होती. एका मुलाने लिहिले होते, "माय फादर गोएड टु दादर. ही सेल्ड फ्लॉवर्स." मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. 'गोएड' वर जरा अधिकच जोर देऊन वाचले. वर्ग हसला, मीही हसलो. त्या दिवसानंतर त्या मुलाने माझ्या तासाला तोंड उघडले नाही. सातवीनंतर तो शाळेत दिसेनासा झाला, बापाबरोबर पहाटेच्या गाडीने फुले घेऊन जाऊ लागला.

पुष्कळ वर्षांनी माझ्या नातवाने एकदा मला सांगितले, "आजोबा, मी काम करलं." घरातल्या सर्वांनी त्याला उचलून घेतले. कोणी म्हटले नाही की 'केलं' म्हण, गाढवा. बसला-हसला, पडला-रडला हे ऐकून ऐकून त्या बाळाने एक नियम स्वतः शोधून काढला होता, आणि तो 'कर' ला लावला होता. त्या क्षणी मला तो फुलवाल्याचा मुलगा आठवला. 'गोएड' त्याला मी शिकविले नव्हते, पुस्तकात ते कोठेच नव्हते. 'वॉक्ट', 'प्लेड' यांवरून 'ईडी'चा कायदा त्याने आपल्या बुद्धीने ओळखला होता आणि इमानाने पाळला होता. माझ्या सबंध वर्गात त्या दिवशी व्याकरण फक्त त्यालाच आले होते, आणि मी त्यालाच हसलो.

मागे एकदा वसई रोड स्थानकावर तो मला भेटला. केस पांढरे झालेले, बाजूला रिकाम्या करंड्या. त्याने मला ओळखले. मी लाजत लाजत त्या दिवसाची गोष्ट काढली. तो म्हणाला, "आठवते ना, सर. पण 'गोएड' का चूक, ते तुम्ही तेव्हा सांगितलेच नाही."

मग फलाटावर उभ्या उभ्या मी त्याला सांगितले की, 'वेंट' हे मुळात 'गो' चे रूप नव्हेच. 'वेंड' नावाचे एक दुसरेच क्रियापद होते, त्याचा अर्थही वाट चालणे असाच काहीसा. त्याचा भूतकाळ 'गो' ने उसना घेतला आणि परत केलाच नाही. तो जरा विचारात पडला. गाडी येत होती. करंड्या एकात एक घालता घालता तो एकदम म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखेच की, सर! आपण 'जातो' म्हणतो, पण 'जाला' कुठे म्हणतो? 'गेला' म्हणतो."

चाळीस वर्षे इंग्रजी शिकवून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी त्याला तसे सांगितले. तो हसला, करंड्या डोक्यावर घेतल्या आणि गाडीत चढला.